एक्सएमएल शोधातील निकालाची पातळी

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नाव देऊन खूण करण्याची पद्धत; असा भाग म्हणजे घटक. एकात एक बसवलेल्या घटकांच्या एक्सएमएल दस्तऐवजात एखादा शब्द सापडला, तर उत्तर म्हणून त्यातला नेमका केवढा भाग द्यायचा, हे ठरवण्याच्या पद्धती या विषयात येतात. साध्या मजकुराच्या शोधात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे फाइल हेच उत्तराचे एकक असते. एक्सएमएलमध्ये परिच्छेद विभागात, विभाग प्रकरणात आणि प्रकरण ग्रंथात असते. त्यामुळे परिच्छेदातला शब्द एकाच वेळी या चारही घटकांतला ठरतो आणि शोधयंत्राने चारही घटक पुढे केले, तर तांत्रिकदृष्ट्या ते चुकलेले नसते.

याचे मूळ एक्सपाथच्या, म्हणजे एक्सएमएलमधले घटक शोधण्याच्या भाषेच्या, व्याख्येत आहे. एक्सएमएल 1.0 ही वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमची शिफारस फेब्रुवारी 1998 ची, तर एक्सपाथ 1.0 नोव्हेंबर 1999 ची. एक्सपाथनुसार घटकाचे मजकूर-मूल्य म्हणजे त्याच्या पोटातल्या सर्व पातळ्यांवरचा मजकूर, दस्तऐवजातल्या क्रमाने सलग जोडलेला. ‘या घटकात हा शब्द आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर एका परिच्छेदापाशी ‘हो’ आले, की मूळ घटकापर्यंतच्या प्रत्येक पूर्वजापाशी (म्हणजे त्याला सामावणाऱ्या घटकापाशी) ते आपोआप ‘हो’ येते.

एका यंत्राची हस्तपुस्तिका घेऊ. तिच्यात विभागांत उपविभाग आहेत, पण सर्वांचे घटकनाव ‘विभाग’ हेच आहे. आत परिच्छेद आहेत आणि तांत्रिक शब्द ‘संज्ञा’ या घटकात ठेवले आहेत. (घटकांची नावे देवनागरीत देण्याची मुभा एक्सएमएलमध्ये पहिल्यापासून आहे.) आता ही क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, पाहा (// म्हणजे कितीही खोलवर, चौकटी कंसात अट आणि ठिपका म्हणजे तोच घटक) :

//विभाग[.//संज्ञा='झडप']

तिसऱ्या पातळीवरच्या एका विभागात ‘झडप’ एकदाच आली असली, तरी निकाल तीन येतात : तो विभाग, त्याला सामावणारा विभाग आणि त्याच्याही वरचा. कंसातला ठिपका इथे महत्त्वाचा आहे. तो गळून //विभाग[//संज्ञा='झडप'] असे झाले, तर कंसातला शोध त्या विभागापासून सुरू न होता दस्तऐवजाच्या मुळापासून सुरू होतो. मग ‘झडप’ कुठेही एकदा आली, की हस्तपुस्तिकेतले झाडून सारे विभाग निकालात येतात. अशी क्वेरी कोणतीही त्रुटी दाखवत नाही, म्हणून ती बरेच दिवस बिनबोभाट चालत राहू शकते.

निकाल आवरण्याचा पहिला उपाय म्हणजे मार्ग नेमका लिहिणे : //विभाग[परिच्छेद/संज्ञा='झडप']. यात शब्द ज्या विभागाच्या स्वतःच्या परिच्छेदात आहे तोच विभाग येतो, वरचे गळतात. पण संज्ञा तक्त्याच्या चौकटीत किंवा यादीतल्या मुद्द्यात असेल, तर तो विभागही गळतो. दस्तऐवज एकाच हातचे आणि एकाच शिस्तीचे असतील तिथे हा उपाय पुरतो. अनेक लेखकांनी वर्षानुवर्षे भर घातलेल्या संग्रहात सहसा पुरत नाही.

त्याहून भरवशाचा उपाय उलट दिशेने जातो. आधी संज्ञा शोधायची, मग ‘ॲन्सेस्टर’ (पूर्वज) या अक्षाने, म्हणजे शोधाच्या दिशेने, वर चढून सर्वांत जवळचा विभाग घ्यायचा. एकाच विभागात शब्द दहा वेळा आला तरी विभाग एकदाच येतो, कारण एक्सपाथ मार्गाच्या निकालातून पुनरुक्ती काढून टाकतो. मात्र क्रमांकाकडे लक्ष हवे. हा अक्ष आतून बाहेर मोजतो, म्हणून ॲन्सेस्टर::विभाग[1] म्हणजे सर्वांत जवळचा पूर्वज. तेच (ॲन्सेस्टर::विभाग)[1] असे कंसात घातले, की मोजणी दस्तऐवजाच्या क्रमाने होते आणि हाती सर्वांत बाहेरचा विभाग येतो. एका कंसाने निकाल दुसऱ्या टोकाला जातो.

एप्रिल 2014 मध्ये आलेल्या एक्सपाथच्या 3.0 आवृत्तीच्या फंक्शन-संचात ‘इनरमोस्ट’ आणि ‘आउटरमोस्ट’ अशी दोन फंक्शने आहेत. दिलेल्या नोडांपैकी (इथे घटकांपैकी) ज्यांच्या पोटात त्याच संचातला दुसरा नोड नाही ते पहिले निवडते. जे त्या संचातल्या दुसऱ्या कुणाच्या पोटात नाहीत ते दुसरे. वरच्या तीन निकालांवर ‘इनरमोस्ट’ चालवले, तर तिसऱ्या पातळीचा विभाग तेवढा उरतो. पण ‘सर्वांत आतला जुळणारा’ आणि ‘उल्लेखाला सर्वांत जवळचा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, वरच्या विभागाच्या प्रास्ताविक परिच्छेदात ‘झडप’ स्वतंत्रपणे आली आहे आणि उपविभागातही आली आहे. जवळच्या पूर्वजाची पद्धत दोन्ही विभाग देते. ‘इनरमोस्ट’ वरचा विभाग टाकून देते आणि त्याच्याबरोबर प्रास्ताविकातली कदाचित सर्वांत कामाची व्याख्याही जाते.

शोधशब्द एकाहून अधिक असले की हाच पेच मोठा होतो. संशोधनात त्यासाठी ‘लघुतम समान पूर्वज’ ही कल्पना वापरतात : सर्व शब्दांना सामावणारा सर्वांत खालचा घटक. 2003 मधील एक्सरँक प्रणालीने असा नियम घातला, की आतल्या जुळणाऱ्या घटकांचे उल्लेख वजा केल्यावरही ज्या घटकात सर्व शब्द उरतात तो निकालात ठेवायचा. 2005 मध्ये शू आणि पापाकॉन्स्टँटिनू यांनी अधिक कडक नियमासाठी वेगवान रीती मांडल्या : ज्याच्या आत सर्व शब्द असलेला दुसरा घटक नाही, तेवढाच घ्यायचा. कडक नियमाने निकाल आटोपशीर येतात, पण वर सांगितलेले प्रास्ताविक त्यात निसटते. संदर्भग्रंथांसारख्या मजकुराला म्हणून एक्सरँकची सैल रीतच मानवते. दोन्हींच्या अंमलबजावणीत ड्यूई क्रमांक उपयोगी पडतात. ग्रंथालयांसाठी मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणावरून हे नाव पडले. प्रत्येक घटकाच्या क्रमांकात त्याच्या पूर्वजांचे क्रमांक गुंफलेले असतात, 1.3.2 आणि 1.3.5 यांचा समान पूर्वज 1.3, हे दस्तऐवज न उघडता नुसत्या क्रमांकांवरून कळते.

अटी कोणत्या पातळीवर एकत्र यायच्या, हा निराळा पण तितकाच त्रासदायक प्रश्न आहे. ग्रंथ[लेखक/नाव='क' and लेखक/आडनाव='ख'] या क्वेरीत दोन लेखकांचा ग्रंथही जुळतो, एकाचे नाव ‘क’ आणि दुसऱ्याचे आडनाव ‘ख’ असले तरी. दोन्ही अटी एकाच माणसाला लागू व्हायच्या असतील, तर त्या लेखकाच्या कंसात जायला हव्यात : ग्रंथ[लेखक[नाव='क' and आडनाव='ख']]. यात निकालाची पातळी ग्रंथ आणि अटीची पातळी लेखक, अशी फोड होते. ही फोड क्वेरी लिहिण्याआधीच केली, तर या विषयातल्या निम्म्या अडचणी टळतात.

मोठ्या संग्रहांत इंडेक्सची, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या शोधसूचीची, पातळीही मध्ये येते. मार्कलॉजिकसारख्या डेटाबेसमध्ये इंडेक्स ‘फ्रॅगमेंट’ पातळीवर उत्तर देतो, म्हणजे ‘या तुकड्यात कुठेतरी जुळणी आहे’ एवढे सांगतो. नेमक्या घटकाची खातरजमा त्यानंतरच्या गाळणीत होते. गाळणी बंद केली की वेग वाढतो, पण शोधलेला घटक फ्रॅगमेंटचे मूळ नसेल, तर चुकीचे निकाल शिरू शकतात. तिथल्या दोन क्वेरींतला फरकही याच विषयाचा आहे. घटकातील शब्द शोधणारी क्वेरी, वेगळी मांडणी केलेली नसेल तर, घटकाच्या थेट मजकुरापुरती पाहते; घटकाच्या आत दुसरी क्वेरी घालणारी रीत मात्र सर्व वंशजांत उतरते.

कोणती पातळी ‘योग्य’, हे मोजण्याचा मोठा प्रयत्न 2002 मध्ये सुरू झालेल्या आयनेक्स या एक्सएमएल शोधाच्या मूल्यमापनाच्या उपक्रमात झाला. सुरुवातीच्या संग्रहात आयईईई कॉम्प्युटर सोसायटीच्या नियतकालिकांतले 12,107 लेख होते. परीक्षकांनी प्रत्येक घटक दोन निकषांवर तपासला : विषय किती पुरता हाताळला आहे आणि विषयाखेरीजचा फाफटपसारा किती कमी आहे. हे निकष एकमेकांविरुद्ध ओढतात. अख्खा लेख पहिल्यात सरस, एकटा परिच्छेद दुसऱ्यात. शिवाय त्याच परिच्छेदाला परिच्छेद, विभाग आणि लेख अशा तीन रूपांत परत देऊन गुण वाढवता येतात, हेही लवकरच ध्यानात आले. म्हणून पुढे एकमेकांवर चढणारे निकाल वर्ज्य करणारी स्पर्धा ठेवली गेली. त्यानंतरची एक स्पर्धा अधिक मार्मिक होती : प्रत्येक लेखासाठी एकच जागा सांगायची, वाचकाने जिथून वाचायला सुरुवात करावी ती. निकालाचा आकार ठरवण्याचा प्रश्नच तिने बाजूला सारला आणि प्रत्यक्ष वाचणाऱ्याच्या गरजेच्या ती सर्वांत जवळ होती.

बरेचसे काम दस्तऐवजाच्या रचनेतच होते किंवा बिघडते. तांत्रिक ग्रंथांसाठीच्या डॉकबुक या एक्सएमएल रचनेत स्वतःतच पुन्हा येऊ शकणारा ‘सेक्शन’ हा घटक आहे आणि त्याला पर्याय म्हणून ‘सेक्ट1’ ते ‘सेक्ट5’ असे पातळीवार घटकही आहेत. साहित्यिक व अभ्यासकीय मजकुरासाठीच्या टीईआय या रचनेत तसाच ‘डिव्ह’ आणि ‘डिव्ह1’ ते ‘डिव्ह7’. पातळी नावातच असली की शोध तिथपर्यंत मर्यादित करणे एका शब्दाचे काम; पण विभाग एक पायरी खाली सरकवला, तर त्याची आणि त्याच्या पोटातल्या सर्वांची नावे बदलावी लागतात. संपादकांना म्हणून बिनपातळीचे घटक सोयीचे वाटतात. दोघांचे जमवायचे तर घटकाला भूमिका सांगणारा गुणधर्म द्यावा, उदाहरणार्थ विभाग[@भूमिका='कृती'] (@ ही गुणधर्माची खूण). मग तो विभाग दुसऱ्या पातळीवर असो की पाचव्या, शोध त्याच्यापाशीच थांबतो.