अंबरनाथचे देऊळ हेमाडपंती नव्हे, भूमिज

पावसाळा लागला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंबरनाथच्या शिवमंदिराचे फोटो येऊ लागतात. ओला काळा दगड, बाजूला वालधुनी आणि खाली हटकून ठरलेली ओळ: ‘आपल्या जवळचे प्राचीन हेमाडपंती मंदिर’. मी दरवर्षी ‘हेमाडपंती नव्हे, भूमिज’ अशी दुरुस्ती लिहितो आणि दरवर्षी कुणीतरी विचारते, ‘मग सांगा, चुना कुठे वापरलाय?’ चुना नाही म्हणजे हेमाडपंती, ही समजूत. सगळा घोळ या प्रश्नातच आहे.

हेमाडपंत कोण हे सांगायला नको. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री हेमाद्री तो हाच. मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी माम्वाणी राजाचे नाव आहे. काम त्याचा भाऊ छित्तराज याने सुरू केले असे मानतात. हेमाद्री देवगिरीला कारभार पाहू लागला तेव्हा या देवळाने दोनशे पावसाळे पाहिले होते.

तारखा कुणी नाकारत नाही. ‘हेमाडपंताने नसेल बांधले, पण पद्धत तर हेमाडपंतीच ना?’ असे म्हणतात, आणि चुकतात ते इथे.

हेमाडपंती ओळखायची खूण म्हणून आपल्याला एकच गोष्ट पाठ करून दिलेली असते: चुना न वापरता दगडावर दगड बसवलेला. एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत नेमका बसणारा उंचवटा, आणि वरच्या थरांच्या वजनाने खालचे थर जागच्या जागी दाबलेले. वर्णन अगदी बरोबर आहे. पण हे वर्णन त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक दगडी देवळाला लागू पडते. महाराष्ट्रातल्याच नव्हे, माळव्यातल्या, गुजरातेतल्या आणि कर्नाटकातल्याही. आपल्याकडे दगडी बांधकामात चुना सर्रास आला तो पुढे सुलतानी काळात. त्याआधीच्या देवळात चुना नाही, यावरून ते हेमाडपंताच्या आधी शेकडो वर्षांचे की त्याच्याच काळातले, हे अजिबात कळत नाही. दोन पायांवर चालतो म्हणून माणूस ठाणेकर ठरत नाही, तसेच हे आहे.

चुना न वापरणे ही बांधायची रीत झाली. शैली ओळखायला देवळाचा आराखडा आणि त्याहून जास्त शिखर पाहावे लागते. भूमिज हे नाव शिखराच्या एका जातीचे आहे. चारही बाजूंच्या मधोमध एकेक रुंद, कोरीव पट्टा पायथ्यापासून थेट वर चढत जातो. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी असतात, उभ्याही आणि आडव्याही, वर जाऊ तशा लहान होत जाणाऱ्या. मोठे शिखर जणू शेकडो छोट्या शिखरांचे मणी ओवून केलेले दिसते. एकदा ही रचना डोळ्यांत बसली की चूक होत नाही.

अंबरनाथच्या शिखराचा माथा आज उरलेला नाही. म्हणूनच तिथे उभे राहून हे पटकन कळत नाही आणि सगळ्यांचे लक्ष भिंतींवरच्या मूर्तींकडे जाते. पण मागच्या बाजूने वर पाहा. लता आणि छोट्या शिखरांच्या ओळी उरलेल्या भागातही स्पष्ट आहेत. अखंड नमुना पाहायचा तर सिन्नरचे गोंदेश्वर गाठावे. तेही यादवांच्या मुलखातले भूमिज देऊळ, हेमाडपंताच्या आधीचे, आणि त्यालाही सगळे हेमाडपंतीच म्हणतात. भूमिजाचे माहेर माळवा. तिथे, आजच्या मध्य प्रदेशातल्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार राजांनी अकराव्या शतकातच उभारले.

आणखी एक गैरसमज जाता जाता. अंबरनाथचा गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे, म्हणून ‘जमिनीखालचे ते भूमिज’ असे सांगणारेही भेटतात. शिल्पशास्त्रात भूमी म्हणजे शिखराचा थर. पाच भूमींचे, सात भूमींचे अशी ही शिखरे मोजतात. गाभाऱ्याच्या खोलीशी त्याचा संबंध नाही.

कोरीव काम किती, दगड कुठला, देऊळ ठेंगणे की उंच, यांवर मी वेळ घालवणार नाही. तेराव्या शतकातल्या देवळांवर नक्षी कमी होत गेली, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. माझे विचाराल तर ‘हेमाडपंती’ हा शब्द त्या साध्या, यादवकाळाच्या उत्तरार्धातल्या देवळांपुरताच ठेवावा. इतरांना सरळ यादवकालीन, शिलाहारकालीन म्हणावे.

हा हट्ट मी धरतो त्याला आणखी एक कारण आहे. ठाणे, म्हणजे तेव्हाचे श्रीस्थानक, हे शिलाहारांच्या सत्तेचे मोठे केंद्र. ही सत्ता संपवली महादेव यादवाने, १२६५ च्या सुमारास. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे आपल्याला कळते यादवांच्या प्रशस्तीतून, आणि ती प्रशस्ती लिहिली हेमाद्रीने. ज्याने शिलाहारांचा शेवट अभिमानाने लिहून ठेवला, त्याचेच नाव आपण त्यांच्या सर्वांत सुंदर देवळाला देतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात ‘भूमिज’ लिहिले, तर ते लाल शाईने खोडून वर ‘हेमाडपंती’ लिहून आले. त्या रविवारी आम्ही दोघे अंबरनाथ लोकलने गेलो. देवळामागे उभी राहून तिने उरलेल्या शिखराचे चित्र काढले, लता वेगळ्या रंगाने रंगवली, खाली शके ९८२ लिहिले आणि सोमवारी ती वही पुन्हा बाईंकडे नेऊन दिली.