गिटारचा फ्रेटबोर्ड कस्टमाइज करणं : फिनिश आणि मार्कर

गिटारच्या मानेवरची जी लाकडी पट्टी असते, जिच्यावर तारा दाबून आपण सूर काढतो, तो फ्रेटबोर्ड. त्याचं फिनिश, म्हणजे लाकडावरचा शेवटचा हात, किंवा त्यावरचे ठिपके, म्हणजेच मार्कर, बदलून घेणं हे गिटारवरचं फार नाजूक काम आहे, कारण हात रोज तिथेच फिरतो.

फिनिश कुठलं हे बरंचसं लाकूडच ठरवतं. रोजवूड आणि एबनी या गडद लाकडांना सहसा लॅकर, म्हणजे वार्निशसारखा कडक थर, मारत नाहीत, अधूनमधून तेलाचा हात फिरवला की झालं, आणि रोजवूडमध्ये तर स्वतःचंच तेल असतं त्यामुळे वरचा थर नीट धरतही नाही. मेपल फिकट, घाम-मळ बसला की काळं पडतं, म्हणून त्याला सहसा लॅकर मारतात. फेंडर कंपनीच्या जुन्या मेपल गिटारींवर बोटांखालचं लॅकर झिजून काळपट डाग पडलेले दिसतात, रोजवूडचा फ्रेटबोर्ड फेंडरने १९५८ ला त्यांच्या जॅझमास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर आणला. रोजवूड गडद करायचं तर चामड्याला द्यायचा रंग पातळ थरांनी लावतात, आधी ठिपक्यांवर टेप चिकटवायची आणि नंतर फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं, नाहीतर बोटं काळी होणारच.

मार्कर बहुतेक ३, ५, ७, ९ या फ्रेटला (फ्रेट म्हणजे बोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकेक आणि १२ ला दोन असतात, कारण तिथे तार बरोब्बर अर्धी होते आणि तोच सूर एक सप्तक वर मिळतो. मँडोलिनवर मात्र ९ ऐवजी १० ला ठिपका सापडतो.

खरा इनले, म्हणजे लाकडात बसवलेली नक्षी, करायचा तर शिंपल्याचा तुकडा बारीक करवतीने कापायचा, त्याची कड लाकडावर आखून तेवढाच खड्डा कोरायचा, मग त्याच लाकडाचा भुसा इपॉक्सी या घट्ट गोंदात कालवून तुकडा बसवायचा. वाळल्यावर फ्रेटबोर्डच्या गोलाईचाच ठोकळा घेऊन घासत गेलं की कडेची फट लाकडात मिसळून जाते, हा क्षण बघण्यासारखा असतो. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यामुळे मास्क लावल्याशिवाय घासू नका. कोरायची भीती वाटत असेल तर स्टिकर लावा, हवे तेव्हा काढता येतात.

पण वाजवताना नजर जाते ती मानेच्या वरच्या कडेवरच्या बारीक ठिपक्यांवर. क्लासिकल गिटारला तर पुढे सहसा काहीच नसतं, फार तर कडेला एखादा ठिपका. म्हणून पुढची नक्षी कितीही बदला, कडेचे ठिपके ठळक आणि जागच्या जागी हवेत, अंधाऱ्या स्टेजवर वाजवणारे तिथे चमकणारे ठिपके बसवून घेतात.