ड्रायव्हर ठेवण्याआधी लायसन आणि जुनं रेकॉर्ड कसं तपासायचं: नागपूरच्या गाडीमालकांसाठी

ड्रायव्हर ठेवायचा असला की आपल्याकडे लायसनची झेरॉक्स घेतात, फाईलला लावतात आणि दुसऱ्या दिवशी किल्ली हातात देतात. वाडीच्या गोदामांत, कळमन्याच्या यार्डात, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत हेच पाहत आलोय. मीही बरीच वर्षं असंच केलं. मग एक दिवस आमच्या एका जुन्या ड्रायव्हरचं लायसन सहज ऑनलाइन पाहिलं. कार्ड अस्सल, फोटो त्याचाच, मुदतही चालू. पण ती मुदत नॉन-ट्रान्सपोर्टची, म्हणजे खासगी गाडीची होती. ट्रान्सपोर्टची, म्हणजे धंद्याच्या गाडीची मुदत संपून सात महिने झाले होते, आणि हा माणूस रोज आमचा भरलेला ट्रक घेऊन अमरावतीला जात होता. त्या सात महिन्यांत कुणाला धक्का लागला नाही, एवढंच आमचं नशीब. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. ‘या ड्रायव्हरचं रेकॉर्ड स्वच्छ आहे’ असा एकच दाखला देणारं ऑफिस आपल्याकडे नाही. लायसनची स्थिती एका ठिकाणी, चालान दुसरीकडे, कोर्टातली केस तिसरीकडे आणि पोलिसांचा दाखला चौथीकडे. हे तुकडे मालकानेच जुळवायचे असतात.

मालकाची जबाबदारी किती?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५ सांगतं की वैध लायसन नसलेल्या माणसाच्या हाती मालकाने गाडी देऊ नये. दिली तर कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ड्रायव्हरवर कलम १८१ लागतं ते वेगळं. किराणा दुकानातून स्कूटरवर सामान पोचवायला अठरा वर्षांखालचा पोरगा पाठवला, तर कलम १९९अ मध्ये २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, एवढं सगळं येतं.

दंडापेक्षा विम्याचा फटका मोठा. ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हतं असं ठरलं, तर कोर्ट अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालकाने हयगय केली हे मात्र कंपनीला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ साली हे स्पष्ट केलं. २०१३ च्या पेप्सू प्रकरणात तर असंही म्हटलं की मालकाने लायसन पाहावं, माणसाला गाडी चालवता येते याची खात्री करावी. लायसन खरं की खोटं हे विचारायला प्रत्येक वेळी आरटीओत जाण्याची अपेक्षा नाही. कायद्याने एवढी सूट दिली असली तरी मी ती घेत नाही. घरबसल्या पाच मिनिटांत होणारी तपासणी टाळण्याला काय कारण सांगणार?

लायसन तपासणं

मूळ लायसन हातात घ्या. झेरॉक्स नको, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तर अजिबात नको. नव्या पद्धतीचा नंबर असा असतो: राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन आकडे, वर्षाचे चार आणि शेवटी सात आकडे. एमएच ३१ नागपूर शहर, ४० नागपूर ग्रामीण, ४९ नागपूर पूर्व. आपल्याकडे भंडारा (३६), गोंदिया (३५), वर्धा (३२) इथले ड्रायव्हर येतात, तसेच छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे एमपी लायसनवाले पुष्कळ येतात. लायसन दुसऱ्या राज्याचं आहे म्हणून बिचकू नका. ते देशभर चालतं आणि तपासायची पद्धतही तीच आहे.

परिवहन खात्याच्या ‘सारथी’ या साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, लायसन ‘ॲक्टिव्ह’ आहे का. आरटीओने कलम १९ खाली ते निलंबित केलं असेल तर इथे कळतं. दारू पिऊन चालवणं, बेफाम वेग, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणं यासाठी निलंबन होऊ शकतं. दुसरी, मुदतीच्या दोन ओळी: एक नॉन-ट्रान्सपोर्टची, एक ट्रान्सपोर्टची. आम्ही फसलो ते इथेच. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आज संपलं तर उद्या त्या माणसाला गाडीवर बसवता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वाहनाचा वर्ग आणि तो वर्ग कधी मिळाला ती तारीख. ‘पंधरा वर्षं ट्रक चालवतोय’ म्हणणाऱ्याला ट्रान्सपोर्टचा वर्ग दोन वर्षांपूर्वी मिळालेला असेल, तर आधीची तेरा वर्षं तो काय चालवत होता ते शांतपणे विचारा.

वर्गावरून एक गोंधळ अजूनही ऐकू येतो. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायला वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागतो का? ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने यावर निकाल दिला: एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन असलेला माणूस एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. त्यापेक्षा जड गाडीला ट्रान्सपोर्टचा वर्ग हवाच. पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरसाठी धोकादायक मालाची स्वतंत्र नोंद लागते. तिचीही मुदत असते आणि ती सारथीवर वेगळी दिसते.

सारथीवर फोटोची खातरजमा होत नाही, आणि नंबर एकाचा नि फोटो दुसऱ्याचा अशी कार्डं असतात. त्यावर साधा उपाय आहे. ड्रायव्हरला तुमच्या समोर, त्याच्याच फोनवर डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं ॲप उघडायला सांगा. त्यातलं लायसन थेट सरकारी नोंदीतून येतं. स्क्रीनशॉट स्वीकारू नका.

कधी सारथीवर काहीच सापडत नाही. लगेच खोटं ठरवू नका. जुन्या पुस्तकी लायसनांच्या नोंदी काही वेळा संगणकावर चढलेल्या नसतात. ज्या आरटीओने ते दिलं तिथे जाऊन ड्रायव्हरने नोंद करून घ्यायची. नागपूर शहराचं लायसन असेल तर गिरीपेठेत. नोंद होईपर्यंत गाडी देऊ नका.

चालान आणि केसेस

केंद्राच्या ई-चालान साइटवर चालान नंबर, गाडी नंबर किंवा लायसन नंबर टाकून शोधता येतं. लायसन नंबरने जरूर शोधा, पण काहीच आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चौकातल्या कॅमेऱ्याने काढलेलं चालान गाडीच्या नंबरवर पडतं, ड्रायव्हरच्या नावावर नाही. माणूस चार वर्षं सिग्नल तोडत असेल आणि दंड आधीचा मालक भरत असेल, तर त्याच्या लायसनवर काहीच उमटणार नाही. म्हणून मी आधीच्या मालकाला फोन करून दोनच प्रश्न विचारतो: गाडीवर याच्या वेळेत चालान किती आली, आणि त्याने नोकरी का सोडली?

एखादा अपघात झाला होता असं कानावर आलं, तर कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून नावाने शोधता येतं. हयगयीने गाडी चालवण्याचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं २७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१. एकाच नावाची दहा माणसं निघतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि ठाणं जुळवल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. आणि केस चालू आहे म्हणजे माणूस दोषी ठरला असं होत नाही. समोर बसवून विचारा, त्याची बाजूही ऐका.

शाळेच्या व्हॅनसाठी ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी कसोटी आणखी कडक ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिल्लीच्या स्कूल बससाठी निर्देश दिले होते: जड वाहनांचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि अतिवेग, दारू पिऊन चालवणं किंवा धोकादायक चालवणं यासाठी एकदाही चालान झालेला माणूस नको. ते दिल्लीपुरते होते, पण लेकरं दिल्लीची काय आणि नागपूरची काय!

पोलिसांचा दाखला आणि बाकी कागद

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज ड्रायव्हरलाच करावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेत फोटो, पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा आणि नोकरी देणाऱ्याचं पत्र जोडायचं. हे पत्र तुमच्या लेटरहेडवर वेळेत द्या, त्याला चकरा मारायला लावू नका. शहरात राहणाऱ्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, कामठी, सावनेर, उमरेडकडच्याचा ग्रामीण पोलिसांकडे.

आधारची प्रत घ्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली घ्या. आणि या सगळ्या तपासणीला आधी लेखी संमती घ्या: काय तपासणार, कशासाठी, कागद किती दिवस ठेवणार. एका पानात मावतं. मराठीत लिहा, एमपीच्या माणसासाठी हिंदीत, आणि सही घेण्याआधी वाचून दाखवा. गरजेपोटी माणूस कशावरही सही करतो, म्हणून ही काळजी आपणच घ्यायची.

कागद झाले की ट्रायल. रिकाम्या रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून काही कळत नाही. भरलेली गाडी द्या, संध्याकाळी वाडीहून इतवारीपर्यंत न्यायला सांगा, अरुंद गल्लीत रिव्हर्स घ्यायला लावा. एक फेरी रात्रीची ठेवा. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपणारा माणूस रात्रीच कळतो. ट्रायलची तारीख, रस्ता आणि तुमचं मत वहीत लिहून सही करा. उद्या ‘माणसाला चालवता येतं याची खात्री केली होती का’ असा प्रश्न कोर्टात आला, तर ही वहीच उत्तर देईल.

मी आता सगळ्या ड्रायव्हरांच्या मुदती ऑफिसातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी सारथी पुन्हा पाहतो. नूतनीकरण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आमचा ड्रायव्हर सात महिन्यांवर सापडला, म्हणून टेस्ट वाचली. डॉक्टरांकडून फॉर्म १अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र घेतलं आणि अर्ज भरला. नवीन लायसन हातात येईपर्यंत तो पूर्ण पगारावर गोदामात माल मोजायला बसला.