परिघीय चेताहानी आणि कोकणातील जीवनमान

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या चेतांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा होऊन संवेदना, स्नायूंची ताकद किंवा अवयवांचे आपोआप चालणारे काम बिघडणे म्हणजे परिघीय चेताहानी. मेंदूपासून निघणाऱ्या कर्परचेतांच्या १२ आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१ जोड्यांपासून निघालेल्या फांद्या पापणीपासून टाचेपर्यंत पोचतात. बोलण्यात सगळे ‘नस’ म्हणतात. पण नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि स्नायूची दोरीही, त्यामुळे ‘नस दबली’ एवढ्यावरून डॉक्टरला फारसे उमगत नाही. ‘मुंग्या येतात’, ‘तळव्यांची आग होते’, ‘कापसावरून चालल्यासारखे वाटते’ ही वाक्ये मात्र निम्मे निदान करून टाकतात. मालवणीत त्याच पंगतीत बसणारे आणखी एक वाक्य: ‘चप्पल खंय पडली ता कळाकच नाय.’

पायातून चप्पल निसटते आणि माणूस तसाच चालत राहतो, हे मधुमेहातल्या चेताहानीचे ओळखीचे लक्षण आहे. सर्वांत लांब चेता आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो आणि गुडघ्यापर्यंत पोचेपर्यंत हाताची बोटेही बधिर व्हायला लागलेली असतात. मधुमेह हे सर्वांत मोठे कारण असले तरी यादी लांब आहे: दारू, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कुष्ठरोग, कर्करोगाची काही औषधे, क्षयरोगावरचे आयसोनियाझिड, मनगटात दबलेली चेता, कोयत्याचा घाव. रोज मासे खाणाऱ्यालाही, वर्षानुवर्षे मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर, ब१२ कमी पडू शकते.

जीवनमानाच्या दृष्टीने या विकाराची दोन टोके आहेत, वेदना आणि बधिरपणा. वेदना माणसाला दवाखान्यात आणते. ती बहुधा रात्री वाढते. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, माणूस पाय गार लादीवर टेकवून बसून राहतो, झोप मोडते आणि दुसरा दिवस चिडचिडीत जातो. दीर्घकाळ अशी वेदना सोसणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण जास्त आढळते. बधिरपणाची तक्रार मात्र कोणी करत नाही, कारण जे जाणवतच नाही त्याची तक्रार करायची कशी? प्रत्यक्षात अधिक नुकसान तोच करतो, आणि कोकणात तर करतोच, कारण इथले बरेचसे जगणे अनवाणी पायांनी आणि उघड्या हातांनी चालते.

लावणीच्या दिवसांत माणूस पोटरीभर चिखलात दिवसभर उभा असतो. चेता बिघडल्या की पायाचा घामही आटतो, कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात आणि त्या भेगांत हा चिखल शिरतो. शिमग्यात पालखी अनवाणी नाचवायची असते, तीही फाल्गुनातल्या उन्हात. रत्नागिरीकडच्या सड्यावर दुपारी कातळ इतका तापतो की धडधाकट माणूस उड्या मारत सावली गाठतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे चालत जातो आणि संध्याकाळी तळव्याला आलेले फोड त्याला दुसरे कोणीतरी दाखवते. जांभ्याचा खडा, माशाचा काटा, तुटलेली काच, सगळ्यांचे तेच. जखम दुखत नाही म्हणून तिला विश्रांती मिळत नाही, विश्रांती नाही म्हणून ती भरत नाही. मधुमेहात पाय कापावा लागण्यापर्यंत जी वेळ येते तिची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या न दुखणाऱ्या जखमेने झालेली असते.

हातांचे नुकसान त्याहून बारीक असते. तांदळाची भाकरी पाण्याचा हात लावून थापायची आणि तव्यावर बोटांनीच उलटायची. बोटांना चटका कळला नाही तर स्वयंपाक संपल्यावर टरारलेले फोड दिसतात. मासे साफ करणाऱ्या बाईच्या अंगठ्यात शिंगाळ्याचा काटा मोडून राहिला तर तिला तो दोन दिवसांनी, अंगठा सुजल्यावर समजतो. जाळे शिवताना धागा किती ताणला आहे हे बोटे सांगत असतात, डोळे नव्हे. बोटे सांगेनाशी झाली की वर्षानुवर्षे तेच काम करणारा माणूस अंगणात बसून दुसऱ्याचे काम बघू लागतो. पैसा कमी होतोच, पण गावातली त्याची जागाही बदलते, आणि हे दुसरे नुकसान कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

तोल हा आणखी एक विषय. पाऊल जमिनीवर कसे टेकले आहे ही खबर चेतांकडून आली नाही की मेंदू ते काम डोळ्यांवर सोपवतो. उजेड आहे तोवर निभावते. तोंड धुताना साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. पावसाळ्यात वीज गेली आणि शेवाळ धरलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, खाली उतरायचे असेल तर असा माणूस पडतोच. एकदा पडला की तो बाहेर जायचे टाळतो, देवळातले भजन सुटते, शेजाऱ्यांकडची बैठक सुटते. आपोआप चालणाऱ्या चेता बिघडल्या तर उठताना चक्कर, पोट फुगणे, लघवीचा त्रास, पुरुषांत लैंगिक दुर्बलता असे प्रकार होतात. यातले शेवटचे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारले क्वचितच जाते.

कुष्ठरोगाचा उल्लेख वेगळा करायला हवा. ज्याला जुने लोक रगतपिती म्हणत तो मुळात कातडीचा जितका, तितकाच चेतांचा रोग आहे. १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी शोधलेला त्याचा जंतू शरीराच्या थंड भागांतल्या, कातडीलगतच्या चेता पकडतो: कोपराजवळची पकडली तर बोटे नखीसारखी वळतात, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची पकडली तर पाऊल लोंबते, चेहऱ्याची पकडली तर पापणी मिटत नाही. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून या रोगासाठी आहे. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठीचे शांतिवन आहे. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधे एकत्र देणे, ६ किंवा १२ महिन्यांचा आणि मोफत असतो, त्याने जंतू मरतो. मेलेली चेता मात्र परत येत नाही. म्हणजे सरकारी नोंदीत रुग्ण ‘बरा’, आणि घरी बटण लावायला दुसऱ्याचा हात. चेता नुकतीच सुजली असेल, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आत, तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाने ती वाचू शकते. म्हणून चट्ट्यापेक्षा हाता-पायाची ताकद तपासणे महत्त्वाचे. कायद्याने पुढे काही पावले टाकली आहेत. १८९८ चा कुष्ठरोगी अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला, त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क अधिनियमात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. लग्नाच्या बोलणीत मात्र वाकडी बोटे अजूनही आधी दिसतात.

अपघाती इजेत सगळा प्रश्न वेळेचा असतो. तुटलेली चेता शिवल्यावर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मनगटावर कोयता लागला तर काही महिने; माडावरून पडून खांद्याजवळचे चेताजाल तुटले तर तिथून बोटांपर्यंतच्या ७० सेंटिमीटरला जवळजवळ दोन वर्षे, आणि तोवर पंजाचे स्नायू वाळून गेलेले असतात.

जीवनमान मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात: सर्वसाधारण आरोग्यासाठी एसएफ-३६, मधुमेही चेताहानीसाठी नॉरफोक, कुष्ठरुग्णांच्या हालचालींसाठी साल्सा. त्यांचा उपयोग आहेच. पण पाखाडी उतरता येते का, पाटी डोक्यावर घेऊन होडीतून उतरता येते का, हे इथल्या माणसाला वेगळे विचारावे लागते. तपासणी मात्र सोपी आहे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) एवढ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातही धोक्याचा पाय ओळखता येतो. चेतांच्या वहनाची चाचणी करायची तर अनेकांना कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातले बांबोळी गाठावे लागते.

वेदनेवर प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे देतात. ती क्वचितच दुखणे पूर्ण घालवतात. निम्मे कमी झाले तर ते यश मानतात, आणि हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. काहींनी गुंगी येते, तेव्हा पहाटे होडी काढणाऱ्याने ते डॉक्टरला सांगायला हवे. बधिरपणावर गोळी नाही. तिथे काळजीच घ्यावी लागते: मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, अंघोळीचे पाणी पायाने नव्हे तर कोपराने पाहणे, आणि रोज रात्री तळवे तपासणे.

या शेवटच्या कामाला दुसऱ्याचे डोळे लागतात, कारण मधुमेहाने पायांबरोबर नजरही अधू केलेली असते आणि म्हाताऱ्या माणसाला वाकवत नाही. चाकरमानी मुलगा मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला येणार, घरात दोघेच. अशा घरी जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायला शिकवतात. पावसाळ्यात विंचवाच्या भीतीने पायताण झटकून घालायची सवय कोकणात आहेच. बधिर पायाच्या माणसाने त्यापुढे एवढेच करायचे: चप्पल असो की बूट, झटकल्यावर आतून हात फिरवायचा, आणि आपला हातही बधिर असेल तर बायकोचा.