संस्कृतिसुसंगत अध्यापन

मुले घरी जशी बोलतात, शिकतात आणि एकमेकांना मदत करतात, ते जाणून घेऊन त्यानुसार वर्गातले शिकवणे आणि अभ्यासक्रम आखण्याची पद्धत. निरनिराळ्या भाषांची आणि देशांची मुले एका वर्गात बसतात तिथे तिची गरज फार जाणवते. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये या विचाराची सैद्धान्तिक मांडणी केली. प्रयोग मात्र आधीच सुरू झाले होते.

त्यांतला सर्वांत बोलका प्रयोग हवाईतला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला होनोलुलूत कामेहामेहा या शिक्षणसंस्थेने मूळ हवाईयन मुलांसाठी प्रायोगिक वर्ग सुरू केले. ही मुले वाचनात मागे पडत. एकेकाला नेमून प्रश्न विचारला की गप्प बसत आणि शेजाऱ्याला विचारून लिहीत. आपल्याकडे याला सरळ कॉपी म्हटले असते. घरची रीत पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे धाकट्यांना थोरली भावंडे सांभाळतात, त्यामुळे अडले की मूल बरोबरीच्या मुलाकडे वळते. गप्पांचीही तऱ्हा वेगळी. 'टॉक स्टोरी' नावाच्या या गप्पांत एकजण गोष्ट सुरू करतो, दुसरा मध्येच धागा उचलतो, तिसरा भर घालतो. मध्ये बोलणे ही तिथे रस असल्याची खूण.

मग वाचनाचा तास बदलला. छोटा गट, हात वर करायची सक्ती नाही. आधी मुलांचा अनुभव, मग पाठ, मग दोहोंची सांगड. मुले बोलू लागली आणि वाचूही लागली.

१९८३ मध्ये हीच पद्धत ॲरिझोनातील रफ रॉक येथे नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलांसाठी नेली, तेव्हा ती जशीच्या तशी चालेना. मुलगे-मुली एकत्र मोकळेपणी काम करीनात. मुलग्यांचे आणि मुलींचे दोघातिघांचे वेगवेगळे गट करावे लागले. नावाहो मूल बोलता बोलता थोडे थांबते. बाहेरून आलेल्या शिक्षकाला वाटे, उत्तर संपले; तो पुढे सरके आणि मुलाचे वाक्य अर्धेच राही. गोष्टही मुलांना तुकड्यातुकड्यांनी नको होती, सगळी ऐकून मगच तिच्यावर बोलायचे होते.

यातून 'नावाहो मुले मुळातच अबोल' असा शिक्का बसण्याची भीती होती. तो समज रफ रॉकच्याच शाळेत खोटा ठरला. सामाजिक शास्त्रांच्या द्विभाषिक पाठांत त्यांच्याच परिसरातले विषय आले, तशी ती प्रश्नांना भरभरून उत्तरे देऊ लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचे मोल मोठे आहे, कारण संस्कृतीच्या नावाखाली मुलांना साच्यात बसवणे हाच या पद्धतीतला खरा धोका.

अभ्यासक्रम घरापासून कसा उभा राहतो, हे ॲरिझोनातल्याच टूसॉन शहरात शिक्षण-संशोधक लुइस मोल आणि सहकाऱ्यांच्या कामात दिसते. शिक्षक मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांकडे गेले आणि त्यांना काय काय येते ते विचारून आले. एक मुलगा मेक्सिकोची मिठाई विकतो असे कळले. त्यावरून आठवडाभराचे पाठ तयार झाले: दोन्ही देशांच्या मिठाईत काय काय घालतात ते मुलांनी तपासले, तुलना केली. मग एका विद्यार्थ्याची आई वर्गात आली आणि तिने मिठाई करून दाखवली. त्या तासाला शिकवणारी ती होती; वर्गशिक्षिका मुलांबरोबर शिकत होत्या.