ऑइल हीटर निम्मी वीज खातो? खुलासा

महाबळेश्वर-पाचगणीत थंडी पडली की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: कॉइलचा हीटर बिल वाढवतो, ऑइलचा घ्या, निम्म्या विजेत काम होतं. हे खरं नाही. २००० वॉटचा कुठलाही हीटर तासभर पूर्ण चालला तर २ युनिट घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. आतलं तेल जळत नाही. ते उष्णता धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं, एवढंच. मग ऑइलवाल्याचं बिल कधीकधी कमी का येतं? थर्मोस्टॅटमुळे. खोली तापली की तो हीटर आपोआप बंद करतो, साधा कॉइल हीटर मात्र चालूच राहतो. कॉइलवाल्यालाही थर्मोस्टॅट असेल तर फरक जवळपास संपला.

खरी बचत हवी तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता, आणि आपल्याकडच्या थंडीत हे सहज जमतं. खोक्यावर ‘हॉट अँड कोल्ड’ लिहिलंय ना, ते तपासा. पण मशीन महाग. वर्षात चार-आठ रात्रींचाच प्रश्न असेल तर हीटरच परवडतो.

२००० वॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाला लावला तर प्लग तापून वितळू शकतो. १६ अँपिअरचा पॉइंटच हवा. हीटर लावण्याआधी दाराखालची फट बुजवा, ते फुकटात होतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत नकोच: तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.