मुक्याची साक्ष, आणि खुणा वाचणारा कोण?

मिशीला पीळ दिल्याची खूण केली की चुलता, नाकाशी बोट टेकवलं की नथवाली चुलती. मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यावर मूकबधिर शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाची भाषा अशी घरातच घडते, आणि घरच्यांपलीकडे फारशी कुणाला कळत नाही. ठाण्यात जबाब नोंदवताना घोडं अडतं ते इथं.

अशी साक्ष चालते, हे कायद्यानं फार पूर्वीच मान्य केलंय. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 119 सांगत होतं, की बोलता न येणाऱ्यानं भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी सांगितलं तर ती तोंडी साक्षच धरायची. आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो कायदा इथं पोचायला 1 एप्रिल 1951 उजाडला. खुणांचा अर्थ कोणी लावायचा, यावर मात्र कलम गप्पच होतं.

राजस्थानातल्या एका खुनात मुक्या साक्षीदार बाईच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी सांगितला होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीची सुटका कायम ठेवली आणि बजावलं: दुभाष्या त्याच परिसरातला हवा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नको, त्याला शपथ द्या, आणि अर्थाबरोबर मूळ खुणाही नोंदवा. ऐकायला रास्त आहे. पण बांधावरून डोकी फुटलेल्या गावात खुणा कळणारा आणि भावकीत नसलेला माणूस आणायचा कुठून?

दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर 2013 मध्ये कलम बदललं. दुभाष्या किंवा विशेष शिक्षक आणि व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालं. अपंग साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनीच घरी जायचं, हेही तेव्हाच आलं. पीडितेची फिर्याद घरी नोंदवण्याची सोय मात्र लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांपुरतीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आपल्या पसंतीच्या भाषेत आणि पद्धतीनं साक्ष देण्याची सोय सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमात जुनं 119 हे 125 झालं.

आरोपीच मुका असेल तर? कामकाज त्याला समजावता आलं नाही तरी खटला चालू शकतो. दोषी ठरला की कागद उच्च न्यायालयाकडे जातात. आपल्याकडे 1981 पासून औरंगाबाद खंडपीठाकडे.